सोपं करून ठेवलंन!

...आणि वर म्हणते, "काका, सोपं केलंय!" अहो, पण सोपं करायला सांगितलं होतं कोणी? तुम्हाला सांगतो, पेणच्या नाथाचं डोकं गेले तीन महिने या एकाच वाक्यानं फिरलंय. बावीस वर्षं रेकॉर्डिंगचा स्टुडिओ चालवतोय तो. खाली पिठाची गिरणी, वर भजनं, कोळीगीतं, निवडणुकीच्या घोषणा! आणि ज्या सॉफ्टवेअरवर हे सगळं चालायचं त्याचा कॉम्प्युटरवरचा पडदा म्हणजे... बटनाच्या आत बटन, मेनूच्या पोटात मेनू, गाण्यातला एक खोकला काढायचा तर सात ठिकाणी हात घाला, आठव्या ठिकाणी ते विचारणार, 'नक्की?' हे सात दरवाजे उभ्या रायगडात एकट्या नाथाला पाठ! अलिबागहून फोन यायचे, "नाथाशेठ, अडकलो!" आणि नाथा डोळे मिटून, "डावीकडं... खाली... अजून खाली जा रे... हां, दाब आता!" काय तो रुबाब!

तर तो पडदा बदलला. सगळाच्या सगळा. आणि केलं कोणी? रोह्याच्या किमयानं!

ही 'सोपं केलंय' म्हणणारी किमया कोण? अहो, नाथाकडंच शिकलेली! बारा वर्षांपूर्वी रोह्याहून यायची, सहा महिने नाथाच्या मागं स्टूल टाकून गप्प बसायची. आता पुण्यात त्याच सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. वापरणाऱ्याचं कुठं अडतं ते बघून पडदा नव्यानं आखते म्हणे! पेपरात फोटो! नाथाच्या बायकोनं, सगुणावहिनीनं, कात्रण फ्रिजवर लावलं. "बघा तरी, तुमचीच शिष्या!" झालं, नाथा फ्रिजकडं फिरकेना. भर मे महिन्यात कोमट पाणी पितो हा माणूस!

त्यात परवा हमरापूरच्या धोंडुबाईचा फोन. भजनी मंडळाची धोंडुबाई, साठी उलटलेली! "नाथाभाऊ, नातवाच्या कॉम्प्युटरवर, त्या नव्या पडद्यावर, भजनातला खोकला माझा मीच काढला. काय कठीण नाय वो!" काय कठीण नाय! बावीस वर्षांची विद्या, तुम्हाला सांगतो, चार शब्दांत संपली... आणि केलं कोणी? रोह्याच्या किमयानं!

मग रोह्याचं बोलावणं आलं. नव्या पडद्यावर अजून कुठं अडतं ते तपासायला किमयानं आपल्या गावातच स्टुडिओवाले जमवले होते. तोवर हट्टानं जुनाच पडदा वापरणारा नाथा इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. वहिनीला म्हणाला, "मुद्दाम चुकणार हाय मी. कपाळाला हात लावणार, सगळ्यांदेखत सांगणार, समजत नाय!"

"बघा हां," वहिनी म्हणाली, "चुकायला तरी जमतंय का!"

किमयानं गाणं लावलं. बाईचा गोड आवाज आणि मधेच टेम्पोचा हॉर्न. "हॉर्न काढा काका, आवाजाला धक्का नको." नाथा अडखळायच्या तयारीत... आणि हात? हात गेला की थेट! समोरच बटन, चक्क मराठीत, 'कचरा काढा'. दाबलं. हॉर्न गायब, बाई तशीच गोड! चाळीस सेकंद! नाथा स्वतःच्या हाताकडं असा बघतोय, जणू सख्खा भाऊ शत्रूला जाऊन मिळालाय!

"हा शब्द कोणी सुचवला गो?"

"तुम्हीच की! दिवसभर म्हणायचात, 'कचरा काढ, आधी कचरा काढ.' तुम्ही कुठं वैतागता, कुठं माउस आपटता, ते सगळं मी बघत होते. त्यातूनच तर हे केलं, काका."

आता बोला! जळायचं तरी कोणावर? वैताग याचा, शब्द याचा, आपटलेला माउससुद्धा याचाच... आणि केलं कोणी? रोह्याच्या किमयानं!

शेवटी कागद पुढं आला. 'काय अडचण आली?' नाथानं पेन चावलं, छताकडं बघितलं, खोटं लिहायचा लई प्रयत्न केला, आणि लिहिलं, 'दोन तासांचं काम दोन मिनिटांत होतं. उरलेल्या वेळात मी काय करू?'

किमयानं वाचलं. दोनदा वाचलं. अगदी गंभीर झाली पोरगी. म्हणाली, "मुद्दा बरोबर आहे काका... पुढच्या आवृत्तीत बघू!"