मागची बाजू कोरी हाय की!

...अवो, भिंतीवर! मानपत्र कुठं भिंतीवर लिवतात का? तुम्हीच सांगा! माणूस जिंदगीभर लोहा गावच्या शाळेत गणित शिकवतो, रिटायर होतो, शाल मिळती, नारळ मिळतो, अन् काचेच्या तसबिरीत सोनेरी अक्षराचं मानपत्र मिळतं. रिवाज हाय! आमचे इवाई महादेवप्पा, पोरीचे सासरे, जळकोटचे, ते बी मास्तरच; त्यांनी मानपत्र बैठकीत असं लावलंय, की पाव्हण्यानं पाणी प्यायला मान वर केली की आधी तेच दिसावं! मला बी तसंच पायजे होतं. बाकी काई न्हाई. एक कागद!

पण कागद म्हणलं की आमच्या मुख्याध्यापिका, लुंबिनी मॅडम... तुम्हाला सांगतो, आल्या त्याच दिवशी आफिसातला प्रिंटर उचलून सोताच्या टेबलाजवळ ठेवला. काई छापायचं तर त्यांच्या म्होरं जाऊन उभं ऱ्हायचं. बरं, रागावतील तर सोसलं असतं! हसून म्हणायच्या, "रामलिंग सर, मागची बाजू कोरी हाय की!" संपलं! सूचना? परिपाठाला वाचून दाखवा. चाचणी? फळ्यावर लिवा. म्या म्हणलं, "मॅडम, हात दुखतो." त्या म्हणल्या, "द्या खडू, मी लिवते," अन् खरंच आल्या की वर्गात, पदर खोचून! पोरांम्होरं माझी काय इज्जत ऱ्हायली? मुकाट्यानं मीच लिवाया लागलो. अन् पाठकोऱ्या कागदाच्या तर त्यांनी पोरांकडून कच्च्या वह्या शिवून घेतल्या. एक पोरगी माझ्याच जुन्या नोटिशीच्या पाठीवर लसावि काढून राहिली होती, आता बोला!

पण खोटं कशाला बोलू? वाचलेल्या पैशातनं बाईनं केलं काय? पोरींच्या संडासाला दार बसवलं, आत नळ आणला. आधी मोठ्या पोरी दुपारच्या सुट्टीत घरी जायच्या, त्या परत यायच्याच न्हाईत. आता शेवटच्या तासाला बी बाकं भरलेली... अन् शेवटचा तास कशाचा? गणिताचा! आम्ही सगळ्यांनी छापून छापून ढीग लावले, पण ही गोष्ट कुणाच्या डोक्यात आली न्हाई. बाई लई मोठी, मानलंच पायजे.

तरी माझं मानपत्र! निरोपाच्या दिवशी इवाई पयल्या रांगेत. शाल झाली, नारळ झाला, मी हात पुढं करून उभा... अन् मॅडम म्हणतात, "सर, जरा बाहेर चला." व्हरांड्यात, जिथं मी नोटिशी चिकटवायचो त्याच भिंतीवर, पोरींनी निळ्या रंगानं लिवलेलं: 'रामलिंग सरांनी फळ्यावर शिकवलेलं गणित पुसलं, तरी आमच्या ध्यानात राहिलं.' आता... डोळे पुसायला दस्ती कुठल्या खिशात हाय तेच सापडंना! इवाई हळूच कानाशी म्हणले, "आमच्या मानपत्रात असलं काई न्हाई हो." छाती भरून आली. घरी आलो तर बायको, गुरम्मा, दारातच, "मानपत्र कुठाय?" भिंत काखेत मारून आणू का?

म्हणून फोटू काढला अन् गेलो झेरॉक्सच्या दुकानात. गुळगुळीत कागद, रंगीत प्रिंट! आता मॅडम म्होरं न्हाईत, भ्यायचं कुणाला? दुकानदारानं विचारलं, "काका, एकाच बाजूनं ना?" अन् माझ्या तोंडातनं, अवो माझ्या तोंडातनं, निघून गेलं, "मागची बाजू कोरी हाय की! आधार कार्ड घे तिकडं!"

झाली तसबीर, दोन्ही अंगानं काच लावून. बैठकीत लावली. पाव्हणे मान वर करून वाचतात. फक्त काय हाय, बँकेत, गॅसवाल्याकडं, कुठं बी आधार मागितलं, की खिळ्यावरनं मानपत्र काढायचं, काखेत मारायचं... अन् चालू पडायचं!