तुम्ही सांगाल तसं

—नाही, त्या खुर्चीवर नको साहेब, तिचा पाय ढिला आहे, ही घ्या. पंखा मोठा करू? नको, कागद उडतील सगळे. तर काय सांगत होते मी तुम्हाला — हां, सव्वीस. पाच महिन्यांत सव्वीस नोटिसा, आणि सगळ्या माझ्या नावावर. मी साधी स्कूटर चालवली नाही कधी आयुष्यात. नवऱ्याने एकदा शिकवायचा प्रयत्न केला होता, मी कुंपणात नेऊन घातली, तिथेच संपलं ते शिक्षण. आणि तुमच्या आरटीओ ऑफिसच्या कागदांवर बघाल तर मी कोण — सिग्नल तोडणारी, बंदीच्या वेळेत बाजारपेठेत ट्रक घालणारी, पन्नासच्या रस्त्यावर त्र्याहत्तरने जाणारी बाई. दवाखान्याच्या फाटकासमोर दहा चाकी गाडी उभी केली म्हणे मी, बारा मिनिटं. फोटो पण आहे. फोटोत गाडीची पाटी दिसते, पाटीवर आमचं नाव दिसतं, आणि जो माणूस स्टिअरिंगवर बसलाय त्याच्या तोंडावर नेमकं काचेवरचं ऊन. तो सुटला. नऊ गाड्या होत्या माझ्या, बाहेर बघून आलात ना — पाच उभ्या आहेत, परवाना अडकलाय म्हणून. चाकांखाली गवत उगवायला लागलंय.

माहीत आहे हो मला, चालकाचं नाव कळवायची सोय आहे कायद्यात. मी काय काल आले या धंद्यात? नवरा जाऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून हे ऑफिस, हे पार्किंग, टायरपासून टपापर्यंत सगळं मीच बघते. सव्वीसच्या सव्वीस फॉर्म भरले मी, एकही दिवस उशीर नाही, आणि प्रत्येकावर एकच नाव घातलं — मास्तर. म्हणजे त्याचं कागदोपत्री नाव घातलं, पण आम्ही मास्तरच म्हणतो. तर सव्वीसच्या सव्वीस फॉर्म तुमच्या लोकांनी परत धाडले. शेरा काय, तर ‘गुन्हा मालकाच्या आदेशाने घडल्याचे फेरीच्या वहीवरून दिसते, सबब दंड मालकावर’. वही त्यानेच नेऊन दिली तुमच्याकडे. आदेश म्हणे. मी फोनवर दोन शब्द बोलते, त्याला काय आदेश म्हणतात? म्हणून तर मी तक्रार केली, म्हणून तर तुम्हाला यावं लागलं या उन्हात. मला त्याचं लायसन गेलेलं बघायचंय, साहेब. वर्ष-सहा महिन्यांसाठी नाही, कायमचं. माणूस पन्नाशी ओलांडलेला, दुसरं काही येत नाही त्याला. मग कळेल.

कोण आहे म्हणजे — ड्रायव्हर आहे. होता. अठरा वर्षं आमच्याकडे. माझ्या नवऱ्याने पहिली गाडी घेतली तेव्हा तो आला. मास्तर का म्हणायचे, तर अक्षर. छापल्यासारखं अक्षर. बाकीच्यांच्या फेरीच्या वह्या म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारख्या, आणि याची वही बघा — किती वाजता निघालो, कुठे थांबलो, कुठल्या रस्त्याने गेलो, का गेलो. नवरा म्हणायचा, याची वही म्हणजे आपला विमा आहे. नवरा हॉस्पिटलात होता ना शेवटचे दोन महिने, तेव्हा हा फेरी संपवून आधी तिथे यायचा, स्टुलावर बसायचा, मग घरी. मला वहिनी म्हणायचा. खोटं कशाला बोलू, सख्ख्या दिरांपैकी एकानेही केलं नसेल तेवढं याने केलं. म्हणून तर जास्त लागतं मनाला. परक्याने केलं असतं तर मी दंड भरला असता आणि विसरले असते.

आणि ऐकायचा नाही बरं का, अजिबात ऐकायचा नाही माझं. मी म्हणायची, दहाच्या आत पोच, हा बाराला पोचायचा. मी म्हणायची, बाजारातून काढ, हा बाहेरच्या रस्त्याने सगळा वळसा घालून जायचा आणि वहीत लिहायचा — बाजारात गर्दी. झोप आली की गाडी कडेला घेऊन सरळ झोपायचा, वर सांगायचा की टायर गरम झाले होते. मी ओरडायची, तो मान खाली घालून ऐकायचा, दुसऱ्या दिवशी परत तेच. अठरा वर्षांत त्याच्या गाडीवर एक पावती फाटली नाही. मी समजायची नशीब. तेव्हा कुठे कळत होतं मला.

पण परत आल्यापासून — हो, मध्ये वर्षभर नव्हता तो कामावर, ते जाऊ द्या, तो विषय वेगळा — परत आला आणि माणूसच बदलला. एकदम आज्ञाधारक. मला वाटलं, चला, सुधारला. मी फोनवर म्हणायची, मास्तर, पार्टी खोळंबलीये, दहाच्या आत माल उतरला पाहिजे. तो म्हणायचा, वहिनी, बाजारातून जावं लागेल मग, बंदीची वेळ आहे. मी म्हणायची, अहो जा की बाजारातून. तो म्हणायचा, तुम्ही सांगाल तसं. बस. वाद नाही, वळसा नाही. मी म्हणाले दाब जरा पाय, त्याने दाबला. मी म्हणाले दवाखान्यासमोर लाव दहा मिनिटं, पार्टीचा माणूस तिथेच येऊन कागद घेईल, त्याने लावली. दहाची बारा झाली ती पार्टीमुळे. आणि हे सगळं वहीत. ‘वहिनींच्या सांगण्यावरून’, पुढे फोनची वेळ, पुढे मी काय बोलले ते, शब्दाला शब्द. संध्याकाळी वही आणून पुढ्यात धरायचा, पान उघडून, बोट ठेवून — वहिनी, सही. मी एका हातात फोन, दुसऱ्या हाताने सही ठोकत होते. इतक्या वर्षांची सवय, वाचतंय कोण? नोटीस यायला तीन-चार महिने लागतात तुमच्याकडून. पहिली आली तोवर वीस होऊन गेल्या होत्या.

मग तुम्हीच सांगा, हा डाव नाही तर काय आहे? — काय? मी तसं बोलले होते का? बोलले असेन हो, सगळेच मालक बोलतात. घाईत माणूस काय काय बोलतो. ड्रायव्हरला अक्कल नको? मी म्हटलं दाब पाय, म्हणजे काय कॅमेऱ्याखालून दाब म्हटलं का मी? त्याला ठाऊक होतं कॅमेरे कुठे आहेत. झोपेत विचारलं तरी सांगेल तो. आधी नाही का चुकवायचा तो माझं बोलणं, बरोबर चुकवायचा, मग आताच का पाळलं?

मी सोडणार नाही त्याला. संघटनेतल्या सगळ्या मालकांना कळवलंय, हा माणूस दारात आला तर फाटक उघडू नका. कुठल्याशा गोदामात पोती मोजायला लागलाय असं कानावर आलं, तर आज सकाळीच तिथल्या मालकाशी बोलले. उद्यापासून नसेल तिथे. आणि डिझेलचंही आहे. हो, डिझेल काढून विकायचा तो टाकीतून, तेही लिहून घ्या. आमचा फिटर सांगेल तुम्हाला. आता नाहीये तो इथे, पण सांगेल, मी बोलून ठेवलंय त्याच्याशी. — म्हणजे, त्याने पाहिलेलंच आहे, मी फक्त आठवण करून दिली.

वही हातचलाखीची आहे, हे दाखवते ना तुम्हाला, थांबा. या कपाटात जुन्या आहेत त्याच्या. ही किल्ली नेहमी अडते. ही बघा, ही दोन वर्षांपूर्वीची, याच माणसाचं अक्षर. चाळा तुम्ही, कुठलंही पान काढा. ‘बाजारात गर्दी, बाहेरून गेलो.’ ‘डोळे जड झाले, थांबलो.’ कुठे आहे का ‘वहिनींच्या सांगण्यावरून’? एक ठिकाणी दाखवा. म्हणजे हे त्याने परत आल्यावरच सुरू केलं, ठरवून, माझ्यासाठी सापळा लावायला. वर्षभर घरी बसून हेच शिजवत होता तो डोक्यात. चाळा, चाळा, सावकाश बघा.

काय झालं? कुठलं पान?

ते — ते फरश्यांचं आहे. ते नका धरू यात. त्या एकाच दिवशी लिहिलं होतं त्याने तसं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. फरश्यांचा माल होता, भरताना चार टन जास्त झाला. हौदा भरला तेव्हाच त्याने फोन केला होता मला, वहिनी, वजनाने स्प्रिंगचे पाटे पार बसलेत, दुसरी गाडी लावा. दुसरी गाडी कुठून लावू मी? बिल्डर खोळंबलेला. मी म्हटलं, जा तसाच, एका फेरीने काय होतंय. तो पहिल्यांदा ऐकून गेला. का ऐकलं कोण जाणे, नवऱ्याला जाऊन पाच वर्षं झाली होती, धंदा अडचणीत होता, त्याला ते माहीत होतं. दया आली असेल माझी. आणि नेमकं त्याच दिवशी वजनकाट्यावर धरलं.

आता तुम्हाला मी काय कायदा सांगू, जास्तीच्या वजनात मालक सुटत नाही. चालकाचं नाव कळवून भागत नाही. नऊच्या नऊ गाड्यांचा परवाना गेला असता. वकील म्हणाला, एकच वाट आहे — चालकाने वाटेत परस्पर दुसऱ्याचा माल चढवला, मालकाला पत्ता नव्हता, असं दाखवायचं. मग मी तसं लिहून दिलं. त्यानेही सही केली त्यावर. जबरदस्ती नाही केली हो मी, हात नाही धरला त्याचा. मी म्हटलं, मास्तर, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे, पगार घरपोच येईल, नऊ गाड्या म्हणजे नऊ संसार आहेत. त्याने तो कागद दोनदा वाचला, इथेच, तुम्ही बसलात तिथे बसून. मग केली सही. लायसन वर्षभरासाठी गेलं. वर शेरा — मालकाच्या गाडीतून चोरून भाडं मारणारा. पगार दोन महिने पाठवला मी. मग नाही जमलं.

मुलीचं लग्न ठरलं होतं त्याच्या. तिकडच्यांच्या कानावर गेलं, त्यांनी सोयरीक मोडली. चोराच्या घरची मुलगी नको म्हणाले. तेव्हा आला होता तो माझ्याकडे. दारातच उभा राहिला, आत या म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, वहिनी, बाकी काही नको, तुम्ही फक्त एकदा माझ्याबरोबर चला आणि त्यांना तोंडाने सांगा, मी चोरी केली नाही म्हणून. मी कशी जाणार, साहेब? एकाला सांगितलं की चार जणांना कळतं, प्रकरण परत उघडलं असतं. मी म्हटलं, मास्तर, सध्या नको. तर म्हणाला, तुम्ही सांगाल तसं. आणि गेला. फाटकापर्यंत गेला आणि फाटक नीट लावून गेला, हे मला आठवतं. रागावलेला माणूस फाटक आपटतो की नाही? मग मला कसं कळावं?

लायसन परत मिळालं तेव्हा मीच बोलावून घेतलं ना त्याला. विसरू नका हे. ड्रायव्हर मिळत नव्हते हे खरं, पण बोलावलं तर मी. मला वाटलं, झालं गेलं विसरला. एकदाही बोलला नाही त्याबद्दल. एक शब्द बोलला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर ऐकून घेतल्या असत्या मी. रोज सकाळी नमस्कार, संध्याकाळी वही. पाच महिने.

काय? — ही वही? हो, बरोबर आहे, त्या वेळी चौकशीत मी लिहून दिलं होतं की ही वही पाण्यात भिजून गेली. तेव्हा सापडत नव्हती. मग सापडली. जाळून टाकणार होते मी, पण नवऱ्याच्या वेळचीही काही पानं मास्तरने शिवून ठेवलीयेत तिच्यात, सुरुवातीला, कोपऱ्यात नवऱ्याच्या बारीक सह्या आहेत. नाही जाळवली. तुम्ही काय लिहिताय मघापासून? हे मी तक्रारीत नाही सांगितलं, हे आपलं बसल्या बसल्या बोलले. तक्रार मास्तरवर आहे. त्याच्या लायसनचं काय करता ते सांगा ना मला.

असं बघता काय? बरं, आजच्यापुरतं राहू द्या. माझं डोकं दुखतंय, आणि तुम्हालाही लांब जायचंय. निघा तुम्ही. फिटरला मी पाठवते उद्या तुमच्याकडे. नको? मग नका बोलावू. पण ते पान असं दुमडू नका, जुना कागद आहे, फाटेल. बॅगेत काय घालताय? कार्यालयाची वस्तू आहे ती, अशी नेता येत नाही कुणाला. साहेब, टेबलावर ठेवा ती. मी सांगतेय ना, ती वही इथे ठेवा आणि —