सेकंदाला पंचवीस चित्रं

मुलगी — हे बाबा नाहीत.

व्हिडिओवाला — ताई, औषधाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण तुम्हीच आणलंत. मघाशी तुम्हीच बोट ठेवून दाखवलंत, हे माझे बाबा म्हणून.

मुलगी — तेव्हा होते. आता तुम्ही त्याचं काय केलंत? कुणीतरी लाकडी माणूस धक्के खात चाललाय.

व्हिडिओवाला — नेटवर टाकायचं तर फाइल लहान हवी. लोक रस्त्यात, मोबाइलवर बघणार. उघडायला वेळ लागला की पुढे सरकतात. म्हणून सेकंदाला पंचवीस चित्रं होती, त्यातली सहाच ठेवली. त्या बदल्यात चेहरा स्वच्छ आला.

मुलगी — चेहऱ्यावर टोपीची सावली आहे. स्वच्छ आली ती टोपी.

आई — वाद घालू नकोस गं. परवा सकाळपासून माणूस घरात नाही. काहीही टाका, पण टाका.

मुलगी — काहीही टाकून कसं चालेल, आई? बाबांना सगळे चालीवरून ओळखतात. गल्लीच्या टोकाला दिसले की तू घरातून दार उघडायचीस. तेव्हा काय चेहरा दिसायचा का तुला?

आई — आता त्यांना स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नाही. गोळ्या घरीच राहिल्यात. माझ्या पाठीमागून गेले, आणि मी आपली दुधाकडे बघत बसले.

मुलगी — ते परत नको ना.

व्हिडिओवाला — मावशी, बसा तुम्ही. ताई, पोलीस चौकीसाठीची डिस्क झालीय. त्यांचा संगणक बाहेरचा पेनड्राइव्ह घेत नाही, प्लेअरही जुना, म्हणून जुन्याच पद्धतीनं केली. तिच्यात जागेची अडचण नाही, एकही चित्र गाळलेलं नाही. टीव्हीवर लावतो, बघा.

(डिस्क फिरू लागते. तिघं दुकानातल्या टीव्हीसमोर उभी.)

मुलगी — हे बघा. हे बाबा. उजवा पाय जरासा ओढत… थांबा, मागे घ्या. डावा हात बघा.

व्हिडिओवाला — हलत नाहीये. दुखतो का त्यांचा?

मुलगी — छे. उजवा कसा मस्त हलतोय. डावाच खाली धरलाय, मूठ अर्धवट. आणि पावलं केवढीशी टाकतायत. मघाच्या त्या सहा चित्रांत हे कुठेच नव्हतं.

आई — तुला घेऊन निघालेत.

मुलगी — मला?

आई — शाळेत. पहिलीत होतीस तेव्हा असंच बोट धरून न्यायचे. एका बाजूला वाकून. तुला पळावं लागू नये म्हणून स्वतः लहान लहान पावलं टाकायचे.

व्हिडिओवाला — कुठे होती शाळा?

मुलगी — नदीपलीकडे, आमच्या जुन्या घराजवळ. तिकडे आम्ही गेलोच नाही, दादा. स्टँड पालथा घातला, दवाखाने झाले, अगदी शवागारात जाऊन आले मी. तिकडे जायचं सुचलंच नाही.

व्हिडिओवाला — मग ऐका. अकरा मिनिटांतले हे बाराच सेकंद ठेवतो. आवाज काढून टाकतो. चित्र अर्ध्या मापाचं करतो. थोडं पुसट होईल, पण पंचवीसच्या पंचवीस ठेवतो, म्हणजे चाल मोडणार नाही. फाइल तेवढीच लहान राहील.

मुलगी — होऊ दे पुसट.

व्हिडिओवाला — खाली काय लिहू?

मुलगी — नाव, माझा फोन. आणि लिहा, डावा हात बघा. नदीपलीकडे तुमच्या ओळखीचे असतील त्यांना आधी पाठवा.

व्हिडिओवाला — पाठवतो. डिस्क चौकीत मी नेऊन देतो. तुम्ही निघा.

मुलगी — आई, ऐक. ती शाळा पाडून सहा वर्षं झाली. तिथे आता नुसतं पत्र्याचं कुंपण आहे.

आई — मग ते अजून दार शोधत असतील. चप्पल घाल.