यादीतलं एक नाव

रेणापूर नाक्यावर बसची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर एक धोतरवाले आजोबा लॅपटॉपवाल्या मुलीची उलटतपासणी घेत होते.

“दामिनी, मठाच्या कमिटीची मतदारयादी तूच केलीस ना? नावं चारशे बारा दिली होती. चारशे अकराच कशी?”

“जावास्क्रिप्टमधी सेट असतो, आजोबा. एकदा घेतलेलं नाव तो परत घेत नाही. एक नाव दोनदा आलं होतं.”

“कुणाचं?”

“तुमचंच. अण्णाराव मृत्युंजय बिराजदार.”

“दोनदा न्हाई माय, आम्ही दोघं हाव. मी आन् माझा नातू अण्णू.”

“पण वडलांचं नावसुद्धा तेच?”

“आमच्यात आज्याचं नाव नातवाला ठेवतेत. माझा बाप मृत्युंजय, माझा ल्योक बी मृत्युंजय.”

“अरे देवा! मी सेटला नुसती नावंच दिली.”

“मग ऱ्हायलेलं मत कुणाचं? निवडणुकीला मी उभा हाय, आन् अण्णू समोरच्याचा परचार करायलाय.”

“मला काय माहीत? डबल नावं काढ म्हणून सांगितलं, मी काढली.”

“कुणी सांगितलं?”

“ज्यानं यादी आणून दिली, त्यानं.”

“त्याला नाव असंल की!”

“तुमच्या अण्णूनंच, आजोबा.”