सबंध विणलेला अंगरखा

बेळगावच्या मिशन दवाखान्यात त्या दोघी माझ्या शेजारच्या बाकावर होत्या. दीनाबाई बायबलातलं एक स्तोत्र मोठ्यानं वाचत होत्या. शहापूरच्या विणकर यल्लव्वाच्या लेकाचं आत ऑपरेशन चाललं होतं.

"माझे कपडे वाटून घेतात, चिठ्ठ्या टाकतात, असं दावीद राजा म्हणतो. आम्ही ते येशूचं म्हणून वाचतो. क्रुसाखाली शिपायांनी त्याच्या कपड्यांचं तेच केलं."

"चिठ्ठ्या कशाला? फाडून वाटायचं की."

"अंगरखा बिनशिवणीचा होता. सबंध विणलेला."

"मग न्हाय फाडवत कुणाला. कुणी विणलता?"

"लिहिलेलं नाही. आईनं, असं म्हणतात."

"ती हुती तितं?"

"जवळच उभी होती."

यल्लव्वानं मांडीवरचा लेकाचा सदरा सारखा केला.

"तिच्या हातात काय आलं मग?"

"त्या दिवशी काहीच नाही."

"मग हितं थांबू नगा, आक्का. फुडं वाचा."