अल क्वोजचा संघ आणि फॉर्मवरचं नाव

माझ्यासारखी शहाणी शोधून सापडायची नाही बघा, स्वतःच्या हातानं फॉर्म भरला आणि प्रशिक्षक लिहिलेलं होतं त्या जागी नाव घातलं दुसऱ्याचं, तेही मोत्यासारख्या अक्षरात.

मी मूळची सांगलीची, कॉलेजात कबड्डीला जिल्ह्याकडून खेळलेली, आणि नव्वद सालच्या पुढंमागं लग्न होऊन दुबईला आले ती नवऱ्याच्या व्हिसावर, हाऊसवाइफ असा शिक्का, दिवसभर एसीत बसून भेंडी चिरायची. ह्यांच्या कंपनीचे कँप मॅनेजर घरी यायचे, मी भाऊजी म्हणायची, ते म्हणाले वहिनी, अल क्वोजच्या कामगारांच्या कँपात आपली पोरं शुक्रवारी सुट्टीला नुसती लोळतात, जरा कबड्डी शिकवा की. गेले. पंजाबी ड्रेस, गळ्यात शिटी, काय ध्यान दिसत असेन! पोरं फिदीफिदी हसली, मग साताऱ्याच्या एका वेल्डरला घोट्यात धरून वाळूत बसवला, खलास, तिथून पुढं ताई ताई.

आठ वर्षं, काय सांगू तुम्हाला, दर शुक्रवारी, उन्हाळ्यात तर उजाडायच्या आत. चढाईत दम कसा राखायचा, साखळी कशी धरायची, सगळं मी. मग मस्कतला सामने ठरले, संघाचा फॉर्म भरायचा होता. भाऊजी म्हणाले वहिनी, तुमचा व्हिसा हाऊसवाइफचा, कोच म्हणून नाव गेलं तर काम करता म्हणून पकडतील, तुमच्या ह्यांची नोकरी जाईल, माझं घाला, कागदापुरतंच हो. आणि मला पटलं! वर प्रवासाला दोन डबे बेसनाचे लाडू दिले.

पोरं कप घेऊन आली. सत्काराला भाऊजी शाल पांघरून माइकवर सांगतायत, हा संघ मी शून्यातून घडवला, आणि मी तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवतेय, येडी. वाटलं, कप्तान तरी बोलेल, कप्तान म्हणजे तोच वेल्डर, तो माइकपाशी गेला, साहेबांकडं बघून थँक्यू म्हणाला आणि उतरला. पुढच्या शुक्रवारी कँपच्या गेटवर वॉचमन म्हणाला, मॅडम, अंदर मना है.

भाऊजींचं सोडा, तो माणूस लाडवापुरताच. पोरांचं लागलं. आता साठी उलटली, नातींना हॉलमध्ये पकड शिकवते, त्या किंचाळतात आजी स्टॉप इट, सुखात राहोत, पण ते थँक्यू मी अजून विसरले नाही.

त्या सत्कारानंतर महिन्यानं कप्तान भाजीच्या दुकानात भेटला होता. मी तिथंच धरला त्याला, का रे, आठ वर्षांत एक शब्द नाही कमावला मी तुझा? त्यानं पिशवी खाली ठेवली, म्हणाला, ताई, बोललो असतो वो, पन आमचे समद्यांचे पासपोर्ट साहेबांच्या कपाटात असत्यात.