सहाव्या नाटकातली आई

नाही गं, घट्ट नाहीये, तुला साडीची सवय नाही म्हणून तसं वाटतंय — हात वर धर, आणि बोलू नकोस, बोललीस की पोट हलतं आणि निऱ्या सुटतात. तीनचा प्रयोग आहे, अजून तुझे केस पांढरे करायचेत. तेवीस वर्षांची तू, आणि पन्नाशीची आई करणार. करशील, न करायला काय झालं, पावडर असते, दिवे असतात. साडी माझीच आहे ही. नीवने कुठून तरी आणलेली बघितलीस ना, बेंजोपार्टीच्या झुलीसारखी चमकत होती — दिग्दर्शक आहे ती, पण साडीतलं तिला काय कळणार — मी म्हटलं, राहू दे, मी घरनं आणते. प्रेसमधनं काढली सकाळी. बघ, कपाटाला मीही आता प्रेस म्हणायला लागले. अठरा वर्षं झाली या परदेशात, ओंगारला, लागणारच.

तू विचारलंस म्हणून सांगते हं सानिका, नाहीतर मी कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ, राजीवजवळसुद्धा नाही, तो लिक्सलिपच्या फॅक्टरीतून बारा तासांची पाळी करून येतो, जेवतो, झोपतो, त्याला काय सांगायचं. तर हो — हे आईचं काम आधी मी करत होते. करत होते म्हणजे, मला तसं वाटत होतं. वळ जरा. तुमच्या युनिव्हर्सिटीची ही नाट्यसंस्था सप्टेंबर ते मार्च सहा नाटकं करते, त्यातल्या पहिल्या पाचांचे कपडे मी शिवलेत, हौस म्हणून. शिपायांचे डगले शिवले, एका भुताचा झगा शिवला, तीनदा उसवून. त्या वेळी कुणी मला विचारलं नाही आणि मीही काही मागितलं नाही. आणि मार्चचं हे सहावं — ओंगारमधलं मराठी घर, आई, घर सोडून निघालेली मुलगी. याच्या तालमी लवकर सुरू करायच्या होत्या, म्हणून नोव्हेंबरातच नीव येऊन म्हणाली, सुरेखा, शुक्रवारी वाचन आहे, आईचं तू वाचशील का?

आता तूच सांग, मी काय समजायचं? नागपूरला आमच्या ग्रुपमध्ये पहिल्या वाचनाला ज्याच्या हातात संहिता दिली त्याचं काम पक्कं. तोंडाने कुणी बोलत नाही, बोलायचं नसतंच, संहिता हातात आली की घरी जाऊन देवापुढे ठेवायची आणि पाठांतराला लागायचं. राज्य नाट्य स्पर्धेचं रौप्यपदक आहे माझ्याकडे — हसतेस काय, आहे, अंतिम फेरीचं, लग्नाच्या आदल्या वर्षीचं. तर मी संहिता घेतली, देवापुढे ठेवली, नारळ फोडला आणि शुक्रवारी डबाभर पेढे घेऊन गेले. काम मिळाल्याचे पेढे. सगळ्यांनी दोन-दोन खाल्ले, लव्हली म्हणाले. दिवाळीचे समजले ते. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते, पण त्यांना काय.

आणि वाचून झाल्यावर नीव म्हणाली नाही की सुरेखा, आता पुरे. पुढच्या तालमीलाही बोलावलं, त्याच्या पुढच्याही. तुझी परीक्षा होती, मग तुझं ते प्रोजेक्ट होतं — तुझं नाव तिथे कुणी घेतलंच नाही माझ्यासमोर, त्या लोकांना वाटलं, काम तुझं आहे हे मला माहीतच आहे. दहा आठवडे मी उभी राहिले तुझ्या जागी. सगळं नाटक पाठ झालं, माझंच नाही, मुलीचंही. स्टेजवर फक्त विद्यार्थ्यांनीच जायचं हा इथला नियम — लिहून लावलाय गं, त्या किटलीच्या वर, मोठ्या अक्षरांत — सप्टेंबरपासून मी त्याच्याखाली उभी राहून चहा करतेय. वाचला नाही. आपल्याला काय करायचेत यांचे नियम, असं वाटायचं. आणि मग जानेवारीत एक दिवस तू आलीस, पाठीला बॅग, ओले केस, आणि नीव मला म्हणते, ही आपली आई. आणि तुझे किती थँक्स मानू सुरेखा, तू नसतीस तर आमचं कसं झालं असतं. मी काय म्हणाले माहितीये? ग्रँड, म्हणाले. नो बॉदर, काही त्रास नाही. आणि टेप घेऊन तुझी मापं घ्यायला लागले. वाईट नाही ती पोरगी, मुद्दाम काही केलं नाही तिने. धड रागही येत नाही तिचा, त्याचाच राग येतो.

खांदा सरळ. पिन टोचेल. तुला एक सांगू, रागावू नकोस — तालमीत नीव माझे फोनवर व्हिडिओ काढायची ना, मला वाटायचं पोस्टरसाठी असतील. जाताना केससुद्धा नीट करून जायची मी. ते तुला पाठवत होती. कळलं मला, परवा तू पदर खोचलास तेव्हाच कळलं. डाव्या हाताने खोचलास. मी डावरी आहे गं. तू कुठे डावरी आहेस?

आणि ते दारातलं वाक्य. मूळ संहितेत आई म्हणते, माइंड युअरसेल्फ, म्हणजे जपून राहा. मी म्हटलं, कुठली आपली आई असं म्हणेल, आणि त्या दिवशी तालमीत माझ्या तोंडून भलतंच निघालं — रागाने जातेस तर जा, पण परत यायला कारण शोधत बसू नकोस. मराठीतच निघालं. कुणाला कळलं नाही. मग अर्थ सांगितला तर नीवने डोळे पुसले आणि तिथल्या तिथे संहितेत लिहून घेतलं. कुठून सुचलं, म्हणाली. मी म्हटलं, माझी मुलगी घर सोडून गेली तेव्हा मी तिला म्हणाले होते.

अश्लेषा. गॉलवेला असते, एका मुलाबरोबर राहते. दोन वर्षं होतील आता मेमध्ये. फोन नाही, काही नाही, राजीवला करते कधीतरी. मी डिसेंबरात तिला मेसेज टाकला, मी नाटकात काम करतेय, आईचं. पहिल्यांदा उत्तर आलं, इंग्रजीत, ती मराठीत कधी लिहितच नाही — प्रयोगाच्या शनिवारी येते म्हणाली, तिकीट काढलंय. मग मी कशी सांगू तिला की काम गेलं? आईने शिवलेले कपडे बघायला गॉलवेहून कोण येतं? सांगेन सांगेन म्हणत राहिले. आणि आत्ता, तुला परकर देत होते ना, तेव्हा मेसेज आला. ह्यूस्टन स्टेशनवरून बस मिळाली, थिएटरमध्ये बसलेय, एफ रांगेत.

रडत नाहीये मी. पिना होत्या तोंडात.

तर आता नीट ऐक. ते वाक्य आज म्हणू नकोस. गाळ. नीवचं मी बघते, आजच्या प्रयोगापुरतंच सांगतेय. छान म्हणतेस तू ते, प्रश्न तो नाही. तिला कळेल ना — तिला आई दिसणार नाही, दिसशील तू, आणि तुझ्या तोंडून ते येईल, आणि तिला कळेल की हे आईने कधी म्हटलंच नव्हतं. हो, नव्हतं म्हटलं. नीवला खोटं सांगितलं मी. माझे हात पिठात होते. ती दारात बसून बुटाची नाडी बांधत होती. बांधून झाली, मग तिने ती परत सोडली आणि परत बांधली. मला वेळ देत होती गं ती. आणि मी कणीक मळत राहिले, मागे वळून बघितलं नाही. दार लागल्याचा आवाज आला, तरी मळत राहिले. आणि ते वाक्य मग दीड वर्षाने सुचलं, भर तालमीत, कुणा परक्या पोरीला बघून, आणि वर सगळ्यांनी वाहवा केली.

मग त्याऐवजी काय म्हणू म्हणजे? काहीच नाही. तिच्याकडे पाठ कर, ओट्याशी उभी राहा आणि हात चालू ठेव. ती मुलगी दाराशी थांबेल, थांबू दे, कितीही वेळ थांबू दे, तू वळू नकोस. तेवढं ओळखेल अश्लेषा. आई म्हणून तेवढंच बघितलंय तिने शेवटचं.

झाली, घे. तुझं नाव घेतायत, जा.

मी? मी इथेच बसणार, मध्यंतरात तुझी दुसरी साडी आहे. नाही, बाहेर जाऊन भेटणार नाही तिला. ते वाक्य तिला स्वतः म्हणा म्हणे. ते तू मला शिकवू नकोस, सानिका. जा.